माघाच्या थंडीत पिल्लं काढायची, तर खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र?

निफाडकडे फेब्रुवारीतही पहाटे चांगलंच गारठतं. अशा दिवसांत दहा-बारा गावठी अंडीच उबवायची असतील, तर माझं मत सरळ खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीला. अंडी फिरवणं, ऊब, ओलावा, सगळं तीच बघते. खरा फरक एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आल्यानंतर कळतो. यंत्रातली पिल्लं पहिला आठवडा साधारण ३५ अंशांत ठेवावी लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. म्हणजे रात्रभर बल्ब, आणि खेड्यातल्या विजेचा भरवसा कोणी द्यावा? कोंबडीची पिल्लं गारठली की पंखाखाली शिरतात, बिल शून्य.

पण कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही. शिवाय पिल्लं सांभाळते तोवर ती अंडी देत नाही. पन्नास-शंभर पिल्लं हवीत तर यंत्रच घ्या, इन्व्हर्टरसकट. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश ठेवा, अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा आणि ओलावा वाढवा. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडून डोकावायचा मोह मात्र आवरा. ओलावा उडाला की पिल्लू कवचातच चिकटतं.