दूध संस्थेत वायफाय, घरोघरी फायबर, की गावाची स्वतःची केबल?

संस्थेच्या मासिक सभेत गावात नेट आणायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, 'स्पीड किती मिळेल?' मी संचालक असतो तर आधी विचारलं असतं, केबल तुटली की जोडायला कोण येणार? उसाने भरलेली ट्रॉली लोंबत्या केबलला अडकली की गावाचं नेट चार दिवस बंद. रस्तारुंदीच्या जेसीबीचं तर विचारूच नका.

सर्वात कमी कटकटीची वाट पीएम-वाणीची, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेची. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत सार्वजनिक वायफाय पुरवणाऱ्याला, म्हणजे पीडीओला, ना परवाना लागतो, ना नोंदणी, ना फी. किराणा दुकानदार चालतो, तशी दूध संस्थाही चालते. उलट संस्थाच बरी. सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव किटल्या घेऊन तिथेच उभं असतं, आणि फॅट मशीनसाठी इन्व्हर्टर बहुधा असतोच. घोडं अडत होतं लाइनच्या दरावर, कारण पीडीओच्या माथी महागडी लीज्ड लाइन (कंपन्यांसाठीची भाड्याची खास लाइन) मारली जायची. जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर बंधन घातलं. 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनला पीडीओकडून आता दुपटीपेक्षा जास्त दर घेता येत नाही.

पण राउटरचा आवाका शंभरेक मीटरचा, मध्ये भिंती आल्या की त्याहून कमी. मळ्यातल्या वस्तीवरच्या मुलीला अभ्यासासाठी संस्थेच्या ओट्यावर येऊन बसावं लागणार. रात्री आठला तिला तिथे कोण बसू देईल?

घरात नेट हवं असेल तर भारतनेटचा, म्हणजे पंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेचा, उद्यमी. ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरवरून तो घरोघरी जोडण्या देतो आणि उत्पन्नात त्याचा वाटा असतो. 2023 च्या सुधारित योजनेत फांदीसारख्या जुन्या लाइनऐवजी रिंग टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसरीकडून चालू राहावं. ही रिंग आपल्या पंचायतीत आली आहे का, हे कागदावर न बघता ऑफिसात जाऊन बघा. फायबरच्या पेटीला कुलूप, वर धूळ आणि एकही दिवा लागलेला नाही, असं दिसलं तर उद्यमी तरी काय करणार!

तिसरी वाट, स्वतःची केबल. याचं उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या लँकाशायरचं. 2011 मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी 'बी-फोर-आर-एन' ही संस्था काढली. ती कुणा गुंतवणूकदाराची कंपनी नाही, सभासदांची संस्था आहे. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, अगदी आपल्या सहकारासारखं. किमान 100 पौंडांचे शेअर लोकांनी घेतले, शेतकऱ्यांनी रानातून केबलला फुकट वाट दिली, अनेकांनी चर स्वतः खणले. घरात पोचलं काय, तर सेकंदाला एक गिगाबिटचा वेग, डेटा येतानाही आणि जातानाही. वाचून हुरूप येतो. पण आपल्याकडे अशी केबल टाकून नेट विकायचं तर परवाना हवा, नाहीतर परवानाधारक कंपनीशी करार. आणि बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ एकाच चरासाठी सही देतील, याची हमी कोण घेणार?

आपल्याकडचाही एक अनुभव आहे. 1998 मध्ये वारणा परिसरातल्या 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. त्यातल्या संगणकांचा वापर मुख्यतः उसाची वजनं, तोडणीची पाळी, खताचा हिशेब अशा साखर कारखान्याच्याच कामांना झाला. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चाललं, संगणकाची गरजच उरली नाही. म्हणून लाइन घेण्याआधी सभासद तिच्यावर रोज काय करणार, ते लिहून काढा. दूधबिल, पशुवैद्याचा सल्ला, पोरांचा अभ्यास, काहीही.

गावठाण दाट असेल तर पीडीओ व्हा आणि याच महिन्यात सुरुवात करा. वस्त्या विखुरलेल्या असतील तर उद्यमी गाठा. स्वतःच्या केबलचा विचार पाच-सात गावांच्या संस्था एकत्र येऊन स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडणं, येणारा एक पोरगा पगारावर ठेवणार असतील तरच करा. एकट्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये. करार कुणाशीही होवो, तुटलेली लाइन किती तासांत जोडणार आणि नाही जोडली तर त्या दिवसांचे पैसे कापणार का, एवढं त्यात लिहून घेतल्याशिवाय चेअरमननी सही करू नये.