मडके की ठिबक: मराठवाड्यातल्या परसबागेचा उन्हाळा

होळी पेटली की मराठवाड्यातल्या परसबागेच्या कसोटीचे दिवस सुरू होतात, कारण तिथपासून मृगाचा पाऊस येईपर्यंतचे जवळजवळ तीन महिने झाडे केवळ आपल्या हातच्या पाण्यावर जगवायची असतात. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक गावांत नळाला पाणी येण्याचे अंतर वाढत जाते. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तो उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांचा हात झाडांना पाणी सोडताना आजही आखडतो. म्हणून पाणी देण्याची पद्धत आधी ठरवावी आणि नवी रोपे नंतर आणावीत. निवड साधारणपणे तिघांत असते: नळीने किंवा झारीने पाणी घालणे, जमिनीत मडकी पुरणे आणि घरगुती ठिबक संच बसवणे.

हाताने पाणी घालण्याला वेगळा खर्च नाही, आणि रोज झाडापाशी जाणे झाल्यामुळे पानामागचा मावा किंवा सुकत चाललेला शेंडा वेळीच दिसतो. तरीही उन्हाळ्यासाठी मला ही पद्धत सर्वांत उधळी वाटते. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतील तर नळीचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते, आणि वरवर शिंपडलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. शिवाय पाचव्या दिवशी नळ आला की आपण आळी तुडुंब भरतो आणि पुढचे चार दिवस झाड कोरडे राहते. वाफसा, म्हणजे मुळांना मानवेल एवढीच मातीतली ओल, असा टिकतच नाही. दाराशी दहा-बारा कुंड्या असतील आणि पहाटे पाणी घालणारे माणूस घरात असेल, तर मात्र याहून अधिक काही करण्याची गरज नाही.

मडक्याची पद्धत जुनी आहे आणि तिचे तत्त्व सोपे आहे. चांगले भाजलेले पण न रंगवलेले, झिलई नसलेले 5 ते 7 लिटरचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, काठ दोन बोटे वर ठेवायचा, पाणी भरायचे आणि तोंड घट्ट झाकायचे. भोवतालची माती सुकू लागली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, माती ओली असली की ती ओढ मंदावते. त्यामुळे पाणी जाते ते थेट मुळांच्या कक्षेत आणि गरजेपुरते. झाकण मात्र विसरू नये, कारण उघड्या मडक्यात आठवडाभरात डासांची पैदास होते. एका मडक्याभोवती वीतभर अंतरावर मिरचीची चार रोपे किंवा दोडक्या-कारल्याचे दोन वेल सुखाने वाढतात.

येथे एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. गेल्या वर्षीचा माठ पाणी गार करीनासा झाला, तेव्हा तो टाकून देण्याऐवजी कढीपत्त्याच्या नव्या रोपाशेजारी पुरला. चार दिवसांनी पाहिले तर माठ जवळजवळ भरलेला आणि रोपाने माना टाकलेल्या. कारण उघड आहे: माठातले पाणी गार होते ते त्याच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेर उडून जाते म्हणून, बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी ती छिद्रे बुजली की माठ गारही करत नाही आणि झिरपतही नाही. तेव्हा घरात निकामी ठरलेला माठ बागेतही निकामी असतो. नवे मडकेसुद्धा पुरण्याआधी रात्रभर भरून ठेवावे आणि सकाळी बाहेरून हात फिरवून पाहावा. तळहाताला सगळीकडे सारखी ओल लागली, तरच ते पुरण्याजोगे आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बाजारात मडकी मुबलक असतात, पण तोवर अर्धा उन्हाळा सरलेला असतो, म्हणून पाडव्याच्या आतच कुंभाराकडून आणावीत.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ही माती सुकताना आकसते आणि मडक्याच्या भिंतीपासून सुटते. मधे पोकळी राहिली की ओढ तुटते. त्यासाठी खड्डा ऐसपैस घेऊन मडक्याभोवती चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरावे, पाणी घालून दाबून बसवावे. श्रमही लक्षात घ्यावेत: 6 लिटरची 12 मडकी म्हटली तर रिकामी झालेली सगळी भरायला 72 लिटर, म्हणजे पाच-सहा बादल्या लागतात, आणि ऐन मे महिन्यात ही फेरी दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी याचा आधी विचार करावा.

ठिबकचा मोठा लाभ हाच, की वाकावे लागत नाही आणि वीस-पंचवीस झाडांना एका चावीवर पाणी मिळते. पण घरगुती संच विकताना दाबाविषयी क्वचितच कोणी सांगते. झाडापाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीवर ताशी 4 लिटर लिहिलेले असते ते साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला, आणि तेवढा दाब मिळायला पाण्याची पातळी सुमारे 10 मीटर उंच लागते. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर असते, म्हणजे साध्या तोटीतून जवळपास निम्मेच पाणी पडते. आणि वीटांच्या चौथऱ्यावर मीटरभर उंच ठेवलेल्या पिंपातून तर एक तृतीयांशच. हे माहीत नसले की माणूस अर्धा तास संच चालवून निर्धास्त होतो आणि लिंबू उपाशी राहते. सोपा उपाय असा, की पहिल्या आणि शेवटच्या तोटीखाली एकेक पेला ठेवून दहा मिनिटांत किती पाणी जमते ते मोजावे आणि वेळ त्यावरून ठरवावी. झाडामागे रोज 2 लिटर धरले तर 20 झाडांना 40 लिटर, पाच दिवसांना 200 लिटर. म्हणजे दर पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरी एक मोठे पिंप केवळ बागेसाठी राखून ठेवावे लागते, आणि ते शक्य तितक्या उंचावर हवे.

जड पाण्याचा शाप ठिबकलाही आहेच. तोट्यांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि एकेक तोटी मुकाट्याने बंद पडते. म्हणून नळीच्या आतच बसवून आलेल्या तोट्यांपेक्षा बाहेरून टोचून लावायच्या, उघडता येणाऱ्या तोट्या घ्याव्यात. त्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून साफ करता येतात. गाळणी आठवड्याला धुवावी. उन्हाळ्यात तहानलेल्या खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात, तेव्हा नळ्या पालापाचोळ्याखाली झाकलेल्या असल्या तरी अधूनमधून उचलून पाहाव्यात. मुरमाड जमिनीत पाणी सरळ खाली जाते, तिथे झाडाला दोन तोट्या आणि थोड्या थोड्या वेळाच्या पाळ्या द्याव्यात. काळ्या मातीत ओल आडवी पसरते, एका तोटीवर भागते.

दोन्हीपैकी काहीही निवडले, तरी जमीन उघडी ठेवून चालणार नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे शेतकरी म्हणतात ते परसबागेलाही लागू आहे: वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवून भेगा मोडाव्यात आणि वर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरावे. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. हिरवी जाळी घ्यायचीच असेल तर भाजीपाल्यासाठी 50 टक्के सावलीची पुरते, आणि ती पश्चिमेकडून बांधावी. वळवाच्या वाऱ्यात सोडता येईल अशी गाठ ठेवावी.

माझा सल्ला असा आहे. भाड्याचे घर, दहा-पंधरा रोपे, वेलभाज्या आणि पाणी आठवड्यातून एक-दोनदा, अशी स्थिती असेल तर मडकी घ्यावीत; घर सोडताना ती उकरून नेताही येतात. स्वतःचे घर, गच्चीवर टाकी, लिंबू, मोगरा, जास्वंद, पपई अशी कायमची वीस-पंचवीस झाडे आणि नोकरीमुळे दिवसभर घर बंद, अशांनी ठिबकच करावे. शेवग्यासारख्या झाडाजवळ मडके पुरू नये, कारण त्याची जाड मुळे ते फोडतात. लेकरांना घेऊन मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे असेल तर दोन्हींपैकी एकावरही विसंबू नये: मडके तीन-चार दिवसांत आटते, आणि टाकी रिकामी झाली की ठिबक चालू आहे की बंद हे कोणालाच कळत नाही. किल्ली शेजारी देऊन ठेवावी आणि कोणत्या झाडाला आधी पाणी द्यायचे तेही सांगून जावे; मोगरा कळ्यांवर असेल तर त्याला आधी, टोमॅटोला नंतर, कारण दिवसाचे तापमान 35 अंशांपलीकडे गेल्यावर टोमॅटोची फुले तशीही गळतात.