बागेचा छोटा ट्रॅक्टर आणि रानातला मोठा: एकच अवजार दोघांना चालेल का?

गेल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पाच फुटी रोटाव्हेटर निम्म्या किमतीत मिळतोय. आपल्या बागेच्या ट्रॅक्टरला बसेल का? मोठ्यालाही तोच लावता येईल." त्याच्याकडे द्राक्षबागेत फिरणारा २४ एचपीचा आणि बाकीच्या रानाला ४५ एचपीचा, असे दोन ट्रॅक्टर आहेत. नाशिक, सांगली, सोलापूरकडे अशी जोडी आता बऱ्याच घरांत दिसते, आणि प्रत्येक घरात हाच प्रश्न निघतो. मी त्याला किंमत विचारलीच नाही. "खालच्या पिनेची जाडी किती आहे, ती मोजून सांग," म्हटलं.

अवजार ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी जोडतात, ते थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे वरचा टॉप लिंक आणि खालचे लिफ्टचे दोन हात. त्यांची मापं मानकात ठरलेली आहेत. आपल्याला लागतात त्या दोन कॅटेगरी शेजारी-शेजारी मांडतो:

| माप | कॅटेगरी १ | कॅटेगरी २ |
|---|---|---|
| टॉप लिंकची पिन | १९ मिमी | २५ मिमी |
| खालच्या हातांची पिन | २२ मिमी | २८ मिमी |
| खालच्या दोन जोडांमधली रुंदी | ६८३ मिमी | ८२५ मिमी |
| अवजाराच्या मास्टची (टॉप लिंक जोडायच्या उभ्या चौकटीची) उंची | ४६० मिमी | ६१० मिमी |
| पीटीओवरची ताकद (पीटीओ म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) | ४८ किलोवॅटपर्यंत | ३० ते ९२ किलोवॅट |

बागेच्या अगदी अरुंद ट्रॅक्टरसाठी 'कॅटेगरी १ नॅरो' असा आणखी एक प्रकार आहे. पिना कॅटेगरी १ च्याच, पण रुंदी फक्त ४०० मिमी. पिन बरोबर बसते म्हणून अवजार घरी आणायचं आणि मग हात इतके फाकतच नाहीत हे कळायचं, असं इथेच होतं.

तक्त्यातली शेवटची ओळ नीट बघा. ३० ते ४८ किलोवॅट, म्हणजे साधारण ४० ते ६५ एचपीच्या पट्ट्यात दोन्ही कॅटेगरी चालतात. "माझा ४५ चा आहे, त्याला बसेल असं द्या," एवढं दुकानात सांगून भागत नाही ते यामुळेच. मशीनजवळ जाऊन व्हर्निअर आणि टेप लावायची.

आता मुख्य मुद्दा. कॅटेगरी १ चं अवजार मोठ्या ट्रॅक्टरला लावणं आणि कॅटेगरी २ चं छोट्याला लावणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं जमतं. २२ च्या पिनेवर आतून २२, बाहेरून २८ असं बुश, म्हणजे लोखंडी नळी, चढवायचं. टॉप लिंकलाही तसंच. बुश स्वस्त असतं आणि अवजारांच्या दुकानात मिळतं. पण बुशनं फक्त जाडीचा फरक भरतो, रुंदीचा नाही. दोन्ही हात ७१-७१ मिमी, म्हणजे जवळजवळ तीन-तीन इंच आत ओढावे लागतात आणि हात आडवे हलू न देणाऱ्या साखळ्या किंवा स्टॅबिलायझर नव्यानं जुळवावे लागतात. हलकं पेरणी यंत्र किंवा पाच दाती कल्टिव्हेटर असेल तर मी हे बिनधास्त करतो. नांगराला मात्र नाही. काळ्या रानात ४५ एचपीची पूर्ण ओढ २२ मिमीच्या पिनेवर टाकायची नसते.

दुसरं, म्हणजे मोठं अवजार छोट्याला, यात जुगाड सुरू होतो आणि तिथंच मला काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी मीही कॅटेगरी २ च्या कल्टिव्हेटरच्या पिना लेथवर २८ वरून २२ वर आणून घेतल्या होत्या. पहिला हंगाम निघाला. दुसऱ्या हंगामात बांधाजवळ वळताना लिफ्ट उचलली आणि डावी पिन खांद्यापाशी, म्हणजे जाडी बदलते तिथे, कडकन तुटली. कल्टिव्हेटर एका बाजूला झुलला आणि फण टायरच्या कडेला घासत गेला. शेजारी उभा असलेला गडी थोडक्यात वाचला. तो तुकडा मी अजून ठेवलाय. तुटलेल्या तोंडाची एक कड गुळगुळीत आहे आणि बाकीचा भाग दाणेदार, खडबडीत. म्हणजे चीर आधीच पडली होती, रोज थोडी थोडी वाढत होती. लेथवर जी काटकोनी खाच राहिली, नेमकी तिथूनच. हिशोबही तेच सांगतो. गोल पिनेची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. २८ ची २२ केली की ती निम्म्याहूनही कमी उरते. पिन घासून बारीक करू नका, आणि ट्रॅक्टरच्या हाताच्या टोकाला पिन बसते त्या गोळ्याचं भोक मोठं करायच्या फंदातही पडू नका.

समजा पिन बसली, रुंदीही जुळली. तरी वजन राहतंच. माहितीपत्रकातली लिफ्टची क्षमता बहुतेक वेळा हातांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन मात्र त्याच्याही मागे असतं. चाचणीत टोकापासून ६१० मिमी मागेही मोजतात आणि तो आकडा कमी भरतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. त्या अहवालात दोन्ही आकडे असतील तर मागचा धरा.

आणि लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टर सांभाळतो असं नाही. एक हिशोब करून बघू. समजा छोटा ट्रॅक्टर १००० किलोचा आहे, पुढच्या चाकांवर ४०० किलो, दोन चाकांमधलं अंतर १.५ मीटर. मागे ३८० किलोचा रोटाव्हेटर, त्याचं वजन मागच्या आसापासून १.२ मीटरवर. ३८० गुणिले १.२ भागिले १.५, म्हणजे ३०४ किलो पुढून उचलले गेले. पुढे उरले ९६. ढोबळ नियम असा की पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, इथे २०० किलो, राहायला हवा. ९६ वर स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. ओढ्याच्या चढावर तोंडच उचलतं. तेच २२० किलोचा साडेतीन फुटी रोटाव्हेटर एक मीटरवर असेल तर पुढून १४७ किलो जातात आणि २५३ उरतात. पुढे वजनं लावून थोडं सावरता येतं, पण ते वजन आस आणि टायरलाच सोसायचं असतं.

फवारणीच्या टाकीलाही हाच हिशोब लावा. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, टाकी आणि पंखा वेगळा. छोट्या ट्रॅक्टरला मोठी टाकी हवी असेल तर मी मागून ओढायचा, चाकांवरचा ब्लोअर घेईन. त्याचं वजन लिफ्टवर येतच नाही.

पीटीओच्या शाफ्टचं थोडक्यात. दोन ट्रॅक्टरांना एकच शाफ्ट सहसा जुळत नाही. एकाला कापून बसवलेला दुसऱ्याला आखूड पडतो. न कापलेला असेल तर लिफ्ट उचलताना ठासतो आणि गिअरबॉक्सवर जोर येतो. आतली नळी बाहेरच्या नळीत चालताना निदान एक तृतीयांश राहिली पाहिजे. अवजार दोघांत फिरवायचं तर दोन शाफ्ट घ्या.

मग काय घ्यावं? पलटी नांगर आणि सहा फुटी रोटाव्हेटर मोठ्यासाठीच, कॅटेगरी २ चे. छोट्यासाठी रोटाव्हेटर वेगळाच, त्याच्या लिंकेजच्या मापाचा. दोघांत फिरवायचंच असेल तर हलकी अवजारं कॅटेगरी १ ची घ्या आणि दोन बुशं टूलबॉक्समध्ये ठेवा.

मेहुण्यानं संध्याकाळी माप कळवलं. खालची पिन २८. बागेच्या ट्रॅक्टरचा विषय तिथेच संपला, आणि पाच फुटीला लागणारी ३५-४० एचपी त्या छोट्याकडे नव्हतीच. ४५ च्या मागे तो चालला असता, पण टायरांची बाहेरची रुंदी पाच फुटांहून जास्त, त्यामुळे मधोमध लावला तर चाकाच्या खुणा तशाच राहतात. आता तो साडेतीन फुटी शोधतोय. त्याच्या बागेत दोन ओळींत नऊ फूट आहेत. एक फेरी जाताना, एक येताना, आणि दोन्ही बाजूंना वेलांच्या मुळांशी एकेक फूट मोकळं राहतं.