फ्रीबीएसडीवर नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर : काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसवणं अवघड आहे का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कार्डावर चिप कुठली आहे? सगळं त्यावर ठरतं. चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असेल तर बसवण्यासारखं काही उरतच नाही. मशीन सुरू होतं, कार्ड ओळखलं जातं, आयपी पत्ता मिळतो, विषय संपला. ड्रायव्हर बाहेरून आणावा लागला तरी बसवण्याचं काम फारसं नाही, पण मग तो सांभाळावा लागतो, आणि ते काम प्रत्येक अपग्रेडला नव्याने येतं. माझ्या मशीनमध्ये दोन्ही प्रकार नांदले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

मशीन म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यावर फ्रीबीएसडी १४. घरातल्या बाकी संगणकांचा बॅकअप आणि फाइल शेअरिंग, एवढंच त्याचं काम. मॉनिटर, कीबोर्ड काही जोडलेलं नाही. सगळा कारभार एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्फत आज्ञा देऊन. त्यामुळे नेटवर्क गेलं की मशीनच गेल्यात जमा. मदरबोर्डवर एक गिगाबिट पोर्ट आहे. चिप कुणाची ते लिहीत नाही, कारण त्याच चिपवर कित्येकांचं बिनबोभाट चाललेलं आहे. नंतर त्यात इंटेलचं दोन पोर्टचं आय३५० कार्ड घातलं.

लिनक्सवरून येणाऱ्याला पहिल्यांदा खटकतात ती इंटरफेसची, म्हणजे सिस्टिमला दिसणाऱ्या नेटवर्क पोर्टची, नावं. तिथे ईटीएच० किंवा हल्ली ईएनपी३एस० असतं. इथे ड्रायव्हरचं नाव हेच इंटरफेसचं नाव, पुढे फक्त क्रमांक. इंटेलचं कार्ड असेल तर ईएम० किंवा आयजीबी०, ब्रॉडकॉमचं असेल तर बीजीई०. आधी विचित्र वाटतं, मग आवडायला लागतं. कारण नाव दिसलं की ड्रायव्हर कळला, आणि ड्रायव्हर कळला की ‘मॅन आयजीबी’ टाइप करायचं. मॅन्युअलच्या चौथ्या विभागात प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतंत्र पान आहे. कुठल्या चिप चालतात, कुठले पर्याय बदलता येतात, लॉगमध्ये अमुक ओळ दिसली तर तिचा अर्थ काय, हे सगळं त्या पानावर, आणि ते वाचायला इंटरनेट लागत नाही. नेटवर्क बंद असताना नेटवर्कची कागदपत्रं हाताशी असणं ही काय चीज आहे, हे ती वेळ आल्यावरच कळतं.

जाता जाता एक गंमत. युनिक्समध्ये प्रत्येक गोष्ट फाइल असते असं आपण शिकतो. डिस्कची फाइल डेव्ह फोल्डरमध्ये सापडते, टर्मिनलची सापडते, पण नेटवर्क कार्डाची सापडत नाही. फ्रीबीएसडीची पूर्वज बीएसडी लिहिणाऱ्या बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी नेटवर्किंग फाइलऐवजी सॉकेट नावाच्या वेगळ्या मार्गाने आणलं आणि कार्डाशी बोलायला आयएफकॉन्फिग दिलं. ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आहे आणि फ्रीबीएसडीवर आजही रोजच्या वापरात आहे. नवखा माणूस डेव्हमध्ये कार्ड शोधत बसला तर त्याचा दोष नाही.

कार्ड ओळखायला ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ ही आज्ञा. ज्याला ड्रायव्हर मिळाला त्याच्यापुढे इंटरफेसचं नाव येतं. ज्याला मिळाला नाही तो ‘नन०’ म्हणून यादीत बसलेला दिसतो. त्याच ओळीत पुढे व्हेंडर आणि डिव्हाइस असे दोन आकडे असतात. इंटेलचा व्हेंडर क्रमांक ८०८६ आहे. आपल्याच प्रोसेसरचा नंबर त्यांनी लावून घेतला, हे बघून दरवेळी हसू येतं. हे दोन आकडे हीच कार्डाची खरी ओळख. खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर विसंबू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप येतात, यूएसबी वायफायच्या बाबतीत तर हमखास.

ड्रायव्हर नसेल तर तो डाउनलोड करायचा, पण डाउनलोड करायला नेटवर्क हवं. फर्मवेअर (काही कार्डांना आत भरावा लागणारा प्रोग्रॅम) आपोआप शोधून आणणारी एफडब्ल्यूगेट नावाची सोयही आता आहे, तीही नेटवर्कवरूनच आणते. या अडचणीवर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मोबाइल. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करायचं. बहुतेक फोनना यूआरएनडीआयएस हा ड्रायव्हर लागतो आणि तो मूळ सिस्टिममध्ये आहे. यूई० नावाचा इंटरफेस उभा राहतो, ‘डीएचक्लायंट यूई०’ देऊन आयपी पत्ता मागितला की झालं. फोन नसेल तर दुसऱ्या मशीनवर पॅकेज उतरवून पेनड्राइव्हवरून ‘पीकेजी ॲड’ करता येतं.

आता मदरबोर्डवरच्या पोर्टची कथा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होताच, त्यामुळे सुरुवातीला काही बसवावं लागलं नाही. एसएसएच, लहान फाइली, सगळं सुरळीत. मोठा बॅकअप चालू झाला की मात्र मधेच सगळं थिजायचं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘वॉचडॉग टाइमआउट’ अशी ओळ, मग लिंक डाउन, मग लिंक अप. ड्रायव्हर कार्डाला पॅकेट पाठवायला देतो आणि ‘पाठवलं’ अशी पोच येण्याची वाट बघतो. काही सेकंदांत पोच आली नाही तर कार्ड अडकलं असं समजून तो ते रिसेट करतो. म्हणजे ती ओळ रोग सांगत नाही, फक्त ताप आलाय एवढं सांगते. केबल खराब असू शकते, चिप असू शकते, ड्रायव्हर असू शकतो.

केबल बदलून फरक पडला नाही. मग ऑफलोड बंद केले. मोठ्या डेटाचे पॅकेटएवढे तुकडे पाडणं, चेकसम (डेटा वाटेत बिघडला का ते ताडणारा आकडा) काढणं अशी कामं प्रोसेसरऐवजी कार्डच करतं, त्याला ऑफलोड म्हणतात. कागदावर छान, पण काही चिपमध्ये ही सोय अर्धवटच जमलेली असते. आयएफकॉन्फिगला ‘-टीएसओ’, ‘-आरएक्ससीसम’, ‘-टीएक्ससीसम’ असे पर्याय दिले की ती बंद होते. उणे चिन्ह म्हणजे बंद. आजच्या प्रोसेसरना गिगाबिटचं ओझं सहज पेलतं, त्यामुळे तोटा जाणवत नाही. टाइमआउट कमी झाले, थांबले नाहीत. तरी कुणाला ही तक्रार असेल तर पहिला प्रयोग हाच करा. काही बसवावं लागत नाही, मनात आलं की पूर्ववत करता येतं.

शेवटी चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर घेतला. तो पॅकेज म्हणून मिळतो, ‘पीकेजी इन्स्टॉल’ने येतो आणि बूट फोल्डरातल्या मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतो. मॉड्यूल म्हणजे कर्नलला वरून जोडता येणारा तुकडा. सिस्टिमचे स्वतःचे मॉड्यूल शेजारच्या कर्नल फोल्डरात असतात. इथे एक मेख आहे. कर्नलमध्ये त्याच नावाचा ड्रायव्हर आधीच आहे, त्यामुळे मशीन चालू असताना नुसतं केएलडीलोड या आज्ञेने मॉड्यूल जोडून चालत नाही. लोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम, ज्या लोडर डॉट कॉन्फ फाइलमधून सूचना घेतो तिच्यात दोन ओळी लागतात : एक मॉड्यूल लोड कर असं सांगणारी, दुसरी फाइलचा पूर्ण पत्ता देणारी. दुसरी ओळ गाळली तर लोडर जुन्या जागीच शोधतो आणि जुनाच ड्रायव्हर चालू राहतो.

यानंतर मशीन खरोखर शांत झालं. रात्रभराचे बॅकअप न अडखळता पूर्ण व्हायचे. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर वेग सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास. गिगाबिट म्हणजे १००० मिळायला हवेत, असं वाटून कुणी उरलेले साठ शोधत बसू नये. १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये आयपी आणि टीसीपीचे मथळे वजा जाता १४४८ बाइट डेटा राहतो, आणि तारेवर इथरनेटचा स्वतःचा मथळा, शेपूट आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून १५३८ बाइटची वेळ खर्च होते. भागाकार करा, ९४१ येतात. तारेतून याहून जास्त निघणारच नाही.

इथवरचाच अनुभव लिहिला असता तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण मग पॅकेजचं अपग्रेड आलं. फ्रीबीएसडीची तयार पॅकेजं त्या शाखेतल्या (उदाहरणार्थ १४ मधल्या), अजून सपोर्ट असलेल्या सर्वात जुन्या उपआवृत्तीवर बांधली जातात. साध्या प्रोग्रॅमला याने काही बिघडत नाही. कर्नल मॉड्यूलचं तसं नाही, त्याचं कर्नलशी जुळावं लागतं. मॉड्यूलची पॅकेजंही तेव्हा तशीच बांधली जायची : जुन्या उपआवृत्तीचा सपोर्ट संपला की ती पुढच्या उपआवृत्तीवर बांधायला लागायचे, आणि आपला कर्नल मागेच राहिला असेल तर मॉड्यूल नवं, कर्नल जुना अशी जोडी जमायची. बूट होताना ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणत कर्नल ते मॉड्यूल नाकारतो.

नाकारून नेटवर्क बंद पडलं असतं तर लगेच कळलं असतं. पण कर्नलमधला मूळ ड्रायव्हर आहे ना! तो पुढे होऊन कार्ड ताब्यात घेतो. इंटरफेसचं नाव तेच, आयपी पत्ता तोच, एसएसएच चालू. ज्या नामकरणाचं मी वर कौतुक केलं तेच इथे डोळ्यांत धूळ फेकतं, कारण नावावरून ड्रायव्हरचं घराणं कळतं, दोघांपैकी कोणता भाऊ कामावर आहे ते कळत नाही. अडखळलेला बॅकअप आणि लॉगमधला वॉचडॉग दिसेपर्यंत मशीन ठणठणीत वाटत होतं.

त्यानंतर बूट झाल्यावर ‘केएलडीस्टॅट’ने दाखवलेली, जोडलेल्या मॉड्यूल्सची यादी तपासून आपलं मॉड्यूल नसेल तर मेल करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. ड्रायव्हर पॅकेजऐवजी पोर्ट्समधून (प्रोग्रॅम सोर्सपासून स्वतः बांधायची फ्रीबीएसडीची सोय), चालू कर्नलच्याच सोर्सवर कंपाइल करायला लागलो. जे कर्नलच स्वतः बांधतात त्यांच्यासाठी ‘पोर्ट्स मॉड्यूल्स’ नावाचा पर्याय आहे. कर्नलबरोबर मॉड्यूलही दरवेळी नव्याने बांधलं जातं. लिनक्सवर डीकेएमएस हे काम कर्नल बदलला की आपोआप करतं, आणि तयार कर्नल वापरणाऱ्यासाठी तशी सोय इथे असायला हवी होती. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर अपग्रेडआधी ‘बीईसीटीएल’ने बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चालू सिस्टिमची बूट होणारी प्रत, करून ठेवा. काही बिनसलं तर बूट मेन्यूतून जुनी सिस्टिम जशीच्या तशी परत उभी राहते. फक्त तो मेन्यू बघायला मॉनिटर जोडावा लागतो.

इंटेलच्या कार्डाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. स्लॉटमध्ये बसवलं, मशीन सुरू केलं, आयजीबी० आणि आयजीबी१ हजर. सिस्टिमच्या सेटिंगच्या आरसी डॉट कॉन्फ फाइलमधल्या ओळीत इंटरफेसचं नाव बदललं. ऑफलोड सगळे चालू आहेत, ‘नेटस्टॅट -आय’मध्ये चुकांचे रकाने शून्यावर, आणि मधल्या सगळ्या अपग्रेडमध्ये त्याच्याकडे ढुंकूनही बघावं लागलं नाही.

वायफाय सर्व्हरला लागत नाही, पण एका लॅपटॉपवर करून पाहिलं. इंटेलच्या नव्या कार्डांसाठी आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर १३.१ पासून आहे. मूळचा लिनक्सचा, पण लिनक्सचे ड्रायव्हर इथे चालवू देणाऱ्या लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर चालवलेला. कार्डाचा इंटरफेस थेट वापरत नाहीत, त्यावर डब्ल्यूलॅन० तयार करतात. चालतं, पण बराच काळ वेग ८०२.११जी या जुन्या वायफाय मानकाच्या जमान्यातलाच होता, नव्या मानकांचा आधार उशिरा येतोय. काहीजण वायफायबॉक्स वापरतात : आत एक चिमुकलं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवायचं आणि कार्ड त्याच्या हवाली करायचं. ऐकायला अघोरी वाटतं, पण या वाटेला परंपरा आहे. बिल पॉल यांनी पूर्वी विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर थेट फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये चालवणारा थर लिहिला होता. त्याला ‘प्रोजेक्ट इव्हिल’ म्हणत, आणि आवृत्ती १४ मध्ये तो काढून टाकला गेला. लॅपटॉपवर वायफाय हीच मुख्य गरज असेल तर मी अजून तरी फ्रीबीएसडी सुचवणार नाही.

सर्व्हरसाठी मात्र डोळे झाकून सुचवेन, एका अटीवर : मशीन किंवा कार्ड घेण्याआधी चिपचं नाव शोधा आणि त्या ड्रायव्हरचं मॅन पान वाचा. तुमची चिप यादीत असेल तर तुम्हाला बहुधा काहीच बसवावं लागणार नाही. २.५ गिगाबिटची कार्डं घेताना हे जास्तच बघा. इंटेलच्या आय२२५ साठी आयजीसी ड्रायव्हर मूळ सिस्टिममध्ये आहे, सगळ्याच चिपचं असं नाही.

मदरबोर्डवरचं पोर्ट मी बंद केलेलं नाही. इंटेलच्या कार्डाला काही झालं तर आत शिरायला दुसरी वाट हवी, म्हणून त्यात केबल लावून ठेवली आहे. कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला, कर्नलमधलाच चालू आहे, ऑफलोड बंद. एवढ्याशा एसएसएचला तो पुरतो. तुम्हीही बाहेरचा ड्रायव्हर काढणार असाल तर लोडर डॉट कॉन्फमधल्या त्या दोन ओळीही काढा. राहिल्या तरी मशीन बूट होतं, पण सुरुवातीलाच फाइल सापडत नसल्याची तक्रार येत राहते आणि पुढे कधीतरी ती भलत्याच बिघाडाचं कारण वाटते.