नव्या पत्र्यात पुराचा गाळ

मी सव्वीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दुसऱ्याने केलेल्या जॉबला गेज लावायचा आणि बसला नाही की रिजेक्ट करायचा, हाच धंदा. त्यामुळे एका गॅरेजवाल्याने मला ३ लाख ४० हजारांना गंडवलं हे सांगताना जीभ अडखळते. तरी लिहितोय, कारण याच माणसाकडे जुनी गाडी दिलेले आणखी दोघं मला गेल्या दोन महिन्यांत भेटले, आणि तिघांच्या गोष्टी जुळी भावंडं निघाल्या. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. नाशिकमधलाच आहे एवढं पुरे.

गाडी आमच्या तात्यांची, १९७२ सालची फियाट ११०० डी. पद्मिनी हे नाव यायच्या आधीची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, रंग राखाडी. १९९६ मध्ये माझ्या चुलतभावाला ती मॉडिफाय करायची हुक्की आली. त्याने प्रीमिअर ११८ एनईचं, म्हणजे निसानचं ११७१ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. गिअर खाली आणायला मधल्या टनेलचा, म्हणजे फ्लोअरच्या मधोमधच्या लांबट उंचवट्याचा, पत्रा कापला. रुंद चाकं घासायला लागली म्हणून मागच्या मडगार्डच्या कडा हातोडीने आत वळवल्या, आणि गाडी लाल केली. तात्या महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मूळ इंजिन मात्र त्यांनी चौघांकडून उचलवून वाड्याच्या जोत्यावर, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. आरसी बुकात बदलाची नोंद करायचं कुणाच्याच मनात आलं नाही. पुस्तकात आजही त्या गोणपाटातल्या इंजिनाचाच नंबर आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या चौकात पाणी शिरलं. गाडी दोन दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात. पूर ओसरल्यावर चौक धुतला, गाडीही पाइपाने धुतली. दाराखालच्या पोकळ पट्टीत किती गाळ बसलाय हे कोण बघतो?

या फियाटला जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दाराखालची ती डबीसारखी पट्टी, जिला सिल म्हणतात, ती पुढचं आणि मागचं धरून ठेवते. तीच सडली तर गाडी मधोमध खचते, आणि दारं नीट लागेनाशी होतात. आमचं डावं मागचं दार २०२२ पासून उचलून लावावं लागत होतं. मला वाटायचं, बिजागरी झिजली असेल.

निवृत्त झालो आणि गाडी नीट करायचं डोक्यात घेतलं. पण नीट म्हणजे काय, यावर घरात एकमत होईना. मुलगी म्हणाली, आहे तशी लालच ठेवा बाबा, काकांनी केलेलं तेही आता इतिहासच आहे. मेहुणा म्हणाला, भंगारात घाल. मला आतून राखाडी रंग हवा होता, स्टिअरिंगचा गिअर हवा होता, आणि त्याच वेळी निसानचं इंजिन सोडवतही नव्हतं, कारण ते अर्ध्या चावीत चालू व्हायचं. असा तिन्ही बाजूंनी ओढला जाणारा माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिला, की त्याचं काय होणार ते ठरलेलंच असतं.

गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "काका, तुमच्या मनात काय आहे?" किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. आता वाटतं, गाडीचा अंदाज त्याला रंग बघूनच आला होता. घ्यायचा होता तो माझा. तात्यांचं नाव दोनदा निघालं, माझा आवाज जरा जड झाला, तेव्हा तो म्हणाला, "मग ओरिजिनलच करायची. तुम्ही फक्त चावी फिरवायला या." १ लाख ९० हजारांत सगळं, ७५ हजार ॲडव्हान्स. पत्र्याचं काम 'वीस टक्के' लिहिलं होतं. कशाच्या वीस टक्के, हे मी विचारलं नाही. कारखान्यात असं ड्रॉइंग आलं असतं तर मी सप्लायरच्या तोंडावर फेकलं असतं.

वर गोडी लावायला व्हीए नंबर. "पन्नास वर्षं झालीत काका, व्हिंटेजचा नंबर करून देतो, किंमत डोळे झाकून बारा लाख." त्याचे ३५ हजार वेगळे. नियम खरा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण त्याच नियमात हेही आहे की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे टनेल कापलेली, इंजिन बदललेली आमची गाडी आधीच अडचणीत होती, आणि मला तर तिच्यातून रविवारी मिसळ खायला जायचं होतं! अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो, अर्ज क्रमांक मिळतो, फीची पावती मिळते. मला यातलं काहीच मिळालं नाही, आणि मी दहा महिने मागितलंही नाही. त्याने 'कमिटीची तारीख' म्हटलं की मी गप्प.

गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली. एप्रिलमध्ये फोन आला, "उघडल्यावर कळलं काका, फ्लोअर आणि दोन्ही सिल गेल्यात. नवीन कराव्या लागतील. पासष्ट हजार वाढतील." इथे गॅरेजवाल्यांच्या बाजूने एक सांगतो. रंग उतरवल्याशिवाय सडका पत्रा किती हे कुणालाच कळत नाही, आणि प्रामाणिक माणसाचाही अंदाज वाढतोच. पण प्रामाणिक माणूस कापायच्या आधी तुम्हाला बोलावतो, स्क्रू ड्रायव्हर हातात देऊन म्हणतो, टोचून बघा. याने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले.

त्या फोटोंवर मी आजही थांबतो. पांढऱ्या प्रायमरमधलं स्वच्छ फ्लोअर, टनेल अखंड, जोड कुठे दिसत नाही. मी ते बायकोला दाखवले, मुलीला पाठवले आणि वर लिहिलं, 'बघ कारागिरी! भावाने पाडलेलं भोक कुठे होतं ते ओळखूही येत नाही.' ओळखू कसं येणार? ते फ्लोअर आमच्या गाडीचं नव्हतंच. ज्याचं टनेल कधी कापलंच नाही अशा दुसऱ्या फियाटचे ते फोटो होते. पुरावा माझ्याच फोनमध्ये होता, आणि मी तो कौतुकाने चार जणांना पाठवत होतो.

इंजिनाची कथा तशीच. निसानचं इंजिन काढलं, ते "जुनंपानं, भंगारात आठ हजार येतील, बिलात वळते करतो" म्हणून त्याने ठेवून घेतलं. नंतर कळलं, चालू स्थितीतल्या त्या इंजिन-गिअरबॉक्सला फियाट बाळगणारे लोक शोधत फिरतात. तात्यांचं गोणपाटातलं इंजिन बोअर करायला नेलं, त्याचे ५० हजार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. राखाडी रंग चकाकत होता, गिअर स्टिअरिंगला. मी झेंडूचा हार घातला. चुलतभाऊसुद्धा येऊन पाया पडून गेला, गाडीच्या.

पुढच्या जूनमध्ये, पहिल्या दोन पावसांतच, दाराखाली रंगावर पुरळ उठावं तसे फोड आले. बोटाने दाबला तर पाणी. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "पाऊस आहे काका, थोडं होतंच." मग फोन उचलणं बंद.

आरसीचं नूतनीकरण राहिलं होतं. आरटीओत इंजिन नंबर तपासतील म्हणून एकदा आपणच छाप घेऊन बघावी असं वाटलं. जुनी माणसं ही पद्धत ओळखतात. आकड्यांवर कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, की आकडे उमटतात. तात्यांच्या विम्याच्या फायलीत अशी एक जुनी छाप होती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि माझ्यातला क्वालिटीवाला दीड वर्षाने जागा झाला. नंबर तोच. पण जुन्या छापेत ४ चं टोक उघडं, नव्यात मिटलेलं. जुन्यात आकडे एका रेषेत, नव्यात शेवटचे दोन किंचित चढलेले. बॅटरी मारून पाहिलं तर आकड्यांभोवती ग्राइंडरच्या बारीक रेघा. आमचं इंजिन त्याने कुठे दिलं देव जाणे. आमच्या बॉनेटखाली बहुधा कुठल्या तरी टॅक्सीचं इंजिन आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, तेव्हा असे ब्लॉक भंगारात येणं स्वाभाविकच. त्याच्यावर आमचा नंबर ठोकलाय. पैशांपेक्षा मला याचीच भीती जास्त वाटली. नंबर खोडून पुन्हा ठोकणं हा गुन्हा आहे, आणि तशी गाडी घेऊन मी आरटीओत उभा राहिलो असतो तर पहिला जाब मलाच विचारला असता. म्हणून आधी पोलिसांत लेखी अर्ज दिला, दोन्ही छापा जोडून.

म्हणून गाडी कुणाहीकडे द्या, देण्याआधी इंजिन आणि चासीच्या नंबरची छाप स्वतः घ्या, तारीख टाकून ठेवा. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका बंपरसुद्धा, घरी आणा. भंगारात आठ हजार येणार असतील तर ते आपण आणू. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही, याला उत्तर नाही.

म्हसरूळला एक वयस्कर डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली. अण्णांनी काही विचारलं नाही. खिशातून चुंबक काढून दारापासून खाली फिरवत नेला. दाराला टचकन चिकटला. सिलवर आला आणि गळून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. "पत्रा नाही हा, लांबी आहे," म्हणाले. (लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ती दोन-तीन मिलिमीटरच्या वर थापायची नसते.) छिन्नीने एक ढलपी काढली तर माझ्या अंगठ्याएवढी जाड निघाली. खालून डांबर फासलेलं. मग त्यांनी जॅक लावून ती बाजू उचलली आणि मला मागचं दार उघडायला सांगितलं. उघडेना. सांगाडा वाकत होता, चौकट दाराला चावत होती. एवढी साधी परीक्षा, गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटांची. मी त्या वेळी हार घालत होतो.

गालिचा उचलला. टनेलवरचं भावाचं भोक जागच्या जागी होतं. वर पत्र्याचा तुकडा पॉप रिव्हेटने मारून लांबी फासली होती.

"काय करायचं ठरवलंय?" हे अण्णांनी सगळ्यात शेवटी विचारलं, तेही सगळं सडकं दाखवून झाल्यावर. मी नेहमीसारखा ओरिजिनल की मॉडिफाय सुरू झालो, तर म्हणाले, "ते वरचं. आधी गाडी उभी राहायला पाहिजे. सिल, फ्लोअर, जॅकच्या जागा. तेवढ्याचे पैसे, तेवढंच काम, तुमच्यासमोर. रंग पुढच्या वर्षी." रंगाचा विषय पुढे ढकलणारा पहिलाच माणूस मला भेटला. पैसे त्यांनी टप्प्याने घेतले, आणि दर टप्प्याला उघडा पत्रा दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मागितला नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे आधी विचारता येतं. पावत्या म्हणून माझ्याकडे फक्त यूपीआयचे २ लाख १० हजार दिसतात. उरलेले १ लाख ३० हजार त्याने "जीएसटी वाचेल काका" म्हणून रोख घेतले. वाचलेला जीएसटी आता कुणाला दाखवू?

डावी सिल अण्णांनी माझ्यासमोर कापली. नवीन घातली म्हणून बिलात लिहिलेली, हीच ती ३२ हजार ५०० ची सिल. कटर आत शिरला तसा वास आला, आणि फटीतून बारीक काळपट गाळ भुरुभुरु खाली सांडायला लागला. गंगेचा. सहा वर्षांपूर्वी आत गेला तो तसाच बसून होता, त्यात अडकलेला पालापाचोळाही ओळखू येत होता. अण्णांनी घमेलं सरकवलं. घमेलं निम्मं भरलं.

मी त्यातला थोडा लोणच्याच्या बरणीत भरून वकिलांकडे नेला. ते म्हणाले, साहेब, एवढं आणायची गरज नव्हती, फोटो पुरे. बरणी घरी आणली. बायको म्हणते टाकून द्या. अजून फडताळातच आहे.