ओट्याखाली काय बसवावं: फळ्यांची कपाटं की ड्रॉवर?

आमच्या जुन्या घरात ओट्याखाली शटर लावलेली फळ्यांची कपाटं होती. ती अकरा वर्षं वापरली. नव्या घरात सिंकखालची जागा आणि एक कोपरा सोडला, तर खालचं सगळं ड्रॉवरचं करून घेतलं. त्याला आता चार वर्षं होतील. म्हणजे दोन्हींत रोज हात घातलेल्या माणसाचं हे मत आहे, मोजूनमापून काढलेला निष्कर्ष नव्हे. तुमची भांडी, घरातल्यांची उंची, दोन ओट्यांमधली मोकळी जागा यांवर उत्तर थोडंफार बदलू शकेल.

आधी फळ्यांच्या बाजूचं सांगतो, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. फळीत बिघडण्यासारखं जवळजवळ काही नसतं. बिजागरी सैल झाली तर स्क्रू पिळला की काम झालं. उंच भांडं घरात आलं तर फळी दोन भोकं वर सरकवता येते. खर्च कमी, सुतारकामही सोपं. आणि नुसतं काय किती मावतं एवढंच पाहिलं तरी फळीच जिंकते. ड्रॉवरच्या दोन्ही बाजू आणि तो ज्यांवर सरकतो ते चॅनेल यांत रुंदीतले पाच ते आठ सेंटीमीटर जातात, मागे थोडी जागा सुटते, शिवाय प्रत्येक ड्रॉवरवर बोटभर पोकळी ठेवावी लागते. सामान भरपूर आणि स्वयंपाकघर लहान असेल, तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

तरीही मी फळ्यांकडे परत जाणार नाही, आणि त्याचं कारण एकच आहे: मागची रांग.

ओट्याखालचं कपाट साधारण 55 ते 60 सेंटीमीटर खोल असतं. हाताला सहज येतो तो पुढचा अर्धा भाग. आमचं एक मोठं पातेलं खालच्या फळीवर मागे असायचं. ते काढायचं म्हणजे आधी एका गुडघ्यावर बसायचं, पुढची चार भांडी आणि त्यांची झाकणं फरशीवर मांडायची, मान वाकडी करून आत पाहायचं, तर ओट्याची आणि आपलीच सावली आत पडलेली. पातेलं हाती लागलं की बाकीचं सगळं पुन्हा आत. धुऊन ठेवताना हाच खेळ परत. एखाद्या दिवशी याचं काही वाटत नाही. पण रोजच्या घाईत माणूस नकळत ठेवण्याचंच टाळू लागतो. आमचं तसंच झालं. जे मागे जायला हवं ते ओट्यावर राहू लागलं, ओटा कायम भरलेला, आणि त्या पसाऱ्यावरून आम्ही एकमेकांवर चिडायचो. पसाऱ्याचं मूळ ओट्याखाली आहे हे कळायला बरीच वर्षं गेली.

मग आई आमच्याकडे राहायला आली. गुडघ्यांमुळे तिला खालच्या फळीपर्यंत वाकताच येत नव्हतं. हवं ते ती कुणाला तरी काढून द्यायला सांगायची, आणि जवळ कुणी नसलं तर त्यावाचून भागवायची. तक्रार तिने एकदाही केली नाही. मला मात्र ते फार लागलं, आणि नव्या घराचं निम्मं ठरलं ते तेव्हाच.

जुनं घर सोडण्याआधी मधला मार्गही करून पाहिला होता: शटर तसंच ठेवून आत सरकते ट्रे बसवले. मागचं पुढे आलं, पण एका भांड्यासाठी आधी शटर उघडा, मग ट्रे ओढा, असं दोनदा करावं लागायचं. शटर पुरतं उघडलं नाही तर ट्रे त्याच्या आतल्या कडेला घासायचा. वर्षभरात तिथला लॅमिनेट सोलवटला. आहे त्या कपाटात सुधारणा करायची असेल तर हा उपाय चालेल. नव्याने करताना मात्र सरळ ड्रॉवरच घ्यावेत असं मला वाटतं.

ओढलं की सगळं समोर यावं, ही कल्पना काही आजची नाही. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार महिलेने 1926 मध्ये फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचं होतं. त्यात कोरड्या सामानासाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण ओळीने बसवले होते. प्रत्येकावर नाव, धरायला मूठ, आणि ओतायला निमुळतं तोंड. नव्या घराचा विचार चालू असताना मी त्या खणांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहत होतो. एवढ्याशा जागेत हात घातला की वस्तू मिळते, शोधावी लागत नाही, हे मनात बसलं.

ड्रॉवरमध्ये सामान वरून दिसतं. याने सवयीही बदलतात. पूर्वी आम्ही डब्यांच्या पोटावर नावं चिकटवायचो, आता झाकणांवर लिहितो. संपत आलेला डबा आधीच लक्षात येतो, त्यामुळे घरात असलेली वस्तू पुन्हा आणणं जवळपास बंद झालं. सगळ्यात खालच्या खोल ड्रॉवरमध्ये कुकर आणि पातेली, मधल्यात ताटं-वाट्या, वरच्या उथळ ड्रॉवरमध्ये चमचे, सुऱ्या, लाटणं. आई आता कमरेत थोडी वाकते आणि हवं ते स्वतः काढते.

त्रास यातही आहेत. ड्रॉवर उघडा असला की तो वाट अडवतो. समोरासमोर ओटे असतील आणि मध्ये मीटरभरही जागा नसेल, तर दोघांनी एकत्र काम करणं अवघड जाईल. काही सांडलं तर ते कोपऱ्यांत शिरतं आणि पुसायला ड्रॉवर रिकामा करावा लागतो. फळीवर फडकं फिरवलं की झालं असतं. जाळीच्या ट्रॉल्या मला तितक्याशा पटल्या नाहीत: लहान डबे तारांवर कलतात आणि ओल्या भांड्यांचं पाणी खालच्या ट्रॉलीत ठिबकतं. ज्यांच्याकडे फक्त मोठी भांडी आहेत त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

चॅनेलच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. काही चॅनेल ड्रॉवरला पाऊणच बाहेर येऊ देतात. मागचा पाव भाग ओट्याखालीच राहतो, म्हणजे जिच्यासाठी एवढं केलं ती मागची रांग पुन्हा हजर. पूर्ण बाहेर येणारे चॅनेलच मागा आणि किती किलो पेलतात ते लेखी घ्या. भांड्यांच्या ड्रॉवरला 30 किलोचे कमी पडू शकतात. आम्ही खालच्या दोन रुंद ड्रॉवरना 50 किलोचे घेतले, ते आजवर कुरकुरलेले नाहीत.

सिंकखाली आम्ही शटरच ठेवलं. तिथे पाइप असतात, गळती झाली तर हात घालायला मोकळी जागा लागते. कोपऱ्यातही फळीच आहे. तिथे वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू ठेवतो, आणि त्यांच्यासाठी गुडघ्यावर बसायला माझी हरकत नाही. कोपऱ्याला लागून ड्रॉवर असेल तर मध्ये चार-पाच सेंटीमीटरची पट्टी सोडायला सांगा, नाहीतर तो शेजारच्या हँडलला अडकतो.

सुतार माप घ्यायला येण्याआधी घरातलं सगळ्यात उंच भांडं झाकण आणि झाकणाच्या मुठीसकट मोजून ठेवा. आमच्याकडे मूठ मोजायची राहिली, आणि तो कुकर आजही झाकण उलटं ठेवूनच ड्रॉवरमध्ये जातो.