डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असणारा खळगा (फोव्हिया, तीक्ष्ण नजरेची जागा) नीट घडला नसेल तर: ओसीटी की ओसीटी-अँजिओग्राफी?

मुलाचे डोळे सतत थरथरतात, चष्म्यानेही नजर सुधारत नाही, म्हणून इंदुरातले आईबाबा रेटिनातज्ज्ञांकडे गेले की कागदावर या दोन तपासण्यांपैकी एक येते. आधी साधी ओसीटीच करावी.

ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने घेतलेल्या स्कॅनमध्ये, डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) उभा छेद दिसतो. खळगा उथळ पण आहे, ही त्याच्या अपुऱ्या घडणीची पहिली श्रेणी. दुसरीत खळगाच नाही. तिसरीत शंकूपेशींचे (रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींचे) बाह्यखंडही लांबलेले नाहीत, आणि चौथीत बाह्य केंद्रकस्तरही (प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या केंद्रकांचा थर) मध्यभागी रुंदावलेला नसतो. २०११ मध्ये मांडलेली ही लेस्टर प्रतवारी पुढे नजर कितपत येईल याचा अंदाज देते. अँजिओग्राफी तो इतका नेमका देत नाही.

फसगत होते ती एकाच रेषेच्या स्कॅनमध्ये. रेषा केंद्राच्या बाजूने गेली तर असलेला खळगाही गायब दिसतो. म्हणून मध्यभागावर दाट रेषांचा पट्टा घ्यावा. डोळा फार हलत असेल तर यंत्राचं ट्रॅकिंग (डोळ्याच्या हालचालीचा मागोवा) बंद करावं, नाहीतर ते नुसतं थांबून राहतं. मान वळवून ज्या कोनात थरथर कमी होते, त्याच कोनात मुलाला बसवावं. तान्ह्यांसाठी हातात धरायचं ओसीटी यंत्र असतं, पण ते सगळीकडे मिळत नाही.

अँजिओग्राफी रंगद्रव्य न टोचता केशवाहिन्या दाखवते. मधला वाहिनीविरहित भाग लहान किंवा नाहीसा दिसला तर निदानाला बळ मिळतं. मात्र निरोगी डोळ्यांतही हा भाग लहानमोठा असतो, आणि स्कॅनला स्थिर डोळा लागतो; थरथरणाऱ्या डोळ्यात चित्रावर आडवे पट्टे उमटतात.